मामाच्या घरचं पेव

मामाच्या घरी शब्दांच्या साठ्याला पेव म्हणत. ज्वारी ठेवायचं जमिनीतलं पेव वेगळं, ते मागच्या अंगणात होतं, तोंड शेणामातीनं लिपलेलं. हे दुसरं पेव कुठं दिसत नसे. ते मामाच्या तोंडात होतं आणि बैलबाजारातल्या बाकी दलालांच्या तोंडात होतं. बैल विकणारा कास्तकार एका अंगाला, घेणारा दुसऱ्या अंगाला, आणि मधात उभे असलेले दोन दलाल त्या दोघांच्या देखत, त्यांच्याच बैलाबद्दल आणि त्यांच्या स्वतःबद्दलही, आपसात बोलून घेत. ऐकणाऱ्याला वाटे, हे पावसापाण्याचं बोलून राह्यले. ज्या शब्दांत ते बोलत, त्या साऱ्या शब्दांचं मिळून नाव पेव. एकट्या शब्दाला पेव म्हणत नसत. शब्द म्हणजे दाणा. दाणे साचले की पेव. नवा पोरगा शिकत असला की बाकीचे मामाला विचारत, "पेव कुठवर आलं?" कोणी परका जवळ येऊन उभा राहिला की एक जण दुसऱ्याला म्हणे, "तोंड लिपा." एखादा शब्द बाहेर कळला असा संशय आला तर पेवाला ओल लागली म्हणत, आणि तो शब्द पुढच्या बाजारापासून कोणी जिभेवर घेत नसे. एक ओला दाणा बाकीचे सडवतो, तशातली गत.

माझी नात यवतमाळला शिकते. तिच्या बाईंनी सांगितलं, शब्दसंपत्ती वाढवा. मी विचारलं, हे काय असते? ती म्हणाली, "आजोबा, आपल्याला जेवढे शब्द येतात ना, ती आपली शब्दसंपत्ती." मी म्हटलं, चूक आहे. संपत्ती वाटता येते, उडवता येते, लेकीच्या पदरात टाकता येते. पेवाचं तसं नसते. पेवात माणूस उतरतो. आधी दोरीनं कंदील सोडतात, कंदील विझला तर आत उतरायचं नाही, हे ज्यानं जुनं पेव पाहिलं त्याला ठाऊक आहे. ती हसली आणि म्हणाली, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत. न मिळोत. मी चौथी शिकलो, तीही धड नाही, आणि तरी हे सारं मी माझ्या हातानं लिहून राह्यलो. ती म्हणत होती, तुम्ही सांगत जा, मी मोबाइलवर उतरवते. मी नको म्हटलं.

आमचं गाव उमरखेडच्या पुढे. तिथल्या शाळेत गुरुजी शब्द विचारत आणि अर्थ सांगायला उभं करत. मला अर्थ येत नसे असं नाही, उभं केलं की येत नसे. 'माहीत नाही' म्हटलं की पोरं हसत, आणि गुरुजी म्हणत, "आणखी एकदा म्हण, जोरानं म्हण, मागच्यायले ऐकू गेलं पाहिजे." मी जोरानं म्हणत असे. एक दिवस म्हटलंच नाही. तोंड मिटून सारी दुपार उभा राहिलो आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेचा रस्ता सोडला. बाबांनी मारलं, आईनं समजावलं, मी गेलो नाही ते गेलोच नाही. त्याच उन्हाळ्यात दौलतमामा, आईचा मोठा भाऊ, आमच्याकडे आला. ओसरीवर बसून त्यानं सारी कथा ऐकली आणि मला वरून खाली पाहिलं.

"हे पोट्टं मार खाऊनही बोललं नाही म्हणता?"

"दगड आहे तो," बाबा म्हणाले.

"मंग मले द्या. मले पोरगा नाही, अन् न बोलणारंच पाहिजे."

आई भावाच्या शब्दाबाहेर नव्हती. अंगावरचे कपडे आणि एक पिशवी घेऊन मी मामाच्या मागं निघालो. उमरखेडहून यवतमाळ, यवतमाळहून राळेगाव, आणि तिथून आणखी एका एसटीनं फाट्यापर्यंत. फाट्यावरून गाव दिसत नव्हतं. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरातून पायवाट होती. चालता चालता मी मागं वळून गाडीची धूळ पाहत होतो, तर मामा म्हणाला, "पाहून घे. आता बैलायचा पोया आल्याशिवाय दिसत नाही हे गाडी."

घर कवेलूंच्या छपराचं, समोर ओसरी, मागं लांबलचक कोठा. बाजाराच्या आधी त्या कोठ्यात परगावचे बैल मुक्कामाला असत, आणि प्रत्येकाच्या गळ्यात वेगळी घंटी. मामा खाटेवर पडल्या पडल्या सांगे, दारापासचा उठला, पांढऱ्यानं पाणी सांडलं. मलाही ते पुढे जमायला लागलं. मामी उंच आणि कमी बोलणारी. तिच्या हातची आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर मी जन्मभर विसरणार नाही. थंडीत ओल्या तुरीचे सोले घालून वांगी करायची, तेव्हा वास फाट्यापर्यंत जावा असा. बाजाराच्या आदल्या दिवशी अंगणात गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारे, करून कणकेचे जाड रोडगे भाजत, कारण बाजारात दुपारपर्यंत दलालाला जेवायला फुरसत नसे. रोडगे फिरवायचं काम मामाच्या पोरीचं, कुसुमचं. ती माझ्याहून लहान, पण जीभ मोठी. "शाळेतून पळालेल्यायले करपलेला रोडगा," असं म्हणून मुद्दाम काळा पडलेला माझ्या ताटात टाके.

पेव कसं भरत, ते सांगतो. अर्थ कधीच सांगत नसत. मामा जेवता जेवता एखादा शब्द टाके. मी त्याच्याकडे पाही. तो भाकर मोडत राही. दोन दिवसांनी तोच शब्द गाभण गाईला पाहून म्हणे, मग शेजारच्या पाटलाच्या चालण्यावर, मग गळक्या घागरीवर. शब्द एक, जागा वेगवेगळ्या. त्या साऱ्या जागांत सारखं काय, ते आपणच शोधायचं. पहिला शब्द कळायला मला सारा पावसाळा लागला. कळला तेव्हा मी ताटावर बसलो होतो, घास हातात होता, आणि मला हसू आलं.

मामानं मान वर न करता विचारलं, "लागला?"

"लागला."

"मंग चूप जेव."

एवढंच. पण शाळेत जे कधी झालं नाही ते त्या दिवशी झालं. पुढे मला भराभर लागत गेले. कोणता शब्द बैलाच्या खोडीसाठी, कोणता माणसाच्या अडचणीसाठी, कोणता फक्त सकाळी वापरायचा आणि ऊन चढल्यावर नाही, कोणता म्हाताऱ्या दलालानंच म्हणायचा. भिवाजी म्हणून सर्वांत वयस्क दलाल होता. तो एकदा माझ्या देखत मामाला म्हणाला, "दौलत, तुह्या भाच्याचं पेव माह्यावाल्यापेक्षा कोरडं आहे." मी त्या दिवशी जमिनीवर चाललो नाही. वाचणाऱ्याला वाटत असेल की हा आता एखादा तरी शब्द सांगेल. नाही सांगणार. बाजार आता नावाला राहिले, ट्रॅक्टर आले, भिवाजी गेला, मामा गेला, तो शब्द ऐकून ज्याचा तोटा होईल असा एक माणूस उरला नाही. तरी नाही.

कारण मीठ घेतलं होतं. मागच्या अंगणातल्या खऱ्या पेवाच्या तोंडावर उभं करून मामानं माझ्या मुठीत मीठ दिलं आणि कबूल करवलं की हे बाहेर जाणार नाही, आणि मीही जाणार नाही. पहिली गोष्ट समजली होती. दुसरी हळूहळू समजली. पेव ज्याच्यात आहे त्यानं परक्याच्या घरी निजायचं नाही, झोपेत बरळतो म्हणून. लग्नाच्या वरातीत जायचं नाही, कोणी पाजलं तर म्हणून. गावातल्या पोरांसोबत नदीवर जाणं बंद झालं, कारण पोरं खोदून खोदून विचारत. मला एकदा ताप भरला. शेजारची म्हातारी काढा घेऊन आली, तर मामानं तिला ओसरीवरूनच परत लावलं. तापात मी बडबडत होतो म्हणे. मामा उशाशी बसून होता, कपाळावर ओलं फडकं ठेवत होता, आणि फडक्याचं एक टोक माझ्या तोंडावर ओढून घेत होता. माया होती त्यात. पण श्वास कोंडत होता, तेही खरं.

दुसरं कोंडणं याहून वाईट. पोळ्याला मला घरी सोडत. बाबांनी त्या वर्षी नवा बैल घेतला होता, शिंगं रंगवून, पाठीवर झूल टाकून माझ्यासमोर आणला आणि विचारलं, "कसा आहे, दलाल?" बैल दोन पावलं चालला आणि माझ्या तोंडात एक शब्द आला. तो ज्या बैलासाठी वापरत, तो बैल उन्हाळा काढत नाही. साध्या बोलीत त्या खोडीला नाव नव्हतं. निदान मला सापडत नव्हतं. मी म्हटलं, "चांगला आहे." बाबा खूश झाले. आई म्हणाली, "असा काय पाहून राह्यला रे त्याच्याकडे?" मग मला दिसायला लागलं की मी बैलाकडेच नाही, आईबापाकडेही तसाच पाहत होतो. दारात आलेला शेजारी अडचणीत आहे की नाही, ते त्याच्या चपला काढण्यावरून मला कळत होतं, आणि कळलं की शब्द उठे. शब्द उठला की माणूस माणूस राहत नसे, सौद्यातला होई. मी ठरवलं, यातून निघायचं.

ते तोंडातून निघायला आणखी दोन पोळे लागले, आणि बोललो तोही मी नाही. बाबा बैलबंडीवरून पडले आणि उजव्या हाताची मूठ वळेनाशी झाली. तण काढायच्या डवऱ्याची मूठ धरता येईना. बहीण सासरी गेलेली, घरी दोघंच. कापसाची वेचणी संपल्यावर एक दिवस बाबा फाट्यावरून चालत आले, हात गळ्यात बांधलेला. ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "दौलतराव, पोरगं न्यायला आलो. आता त्याच्याबिगर वावर होत नाही."

मी कोठ्याच्या दाराशी उभा होतो. आत एक घंटी वाजली, कोणत्या बैलाची ते मला ओळखता आलं नाही.

मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिला. "तुमचं पोरगं आहे भाऊजी. घेऊन जा. पण झाडून द्या लागन पहिले."

"झाडून म्हणजे? आंघोळ तर करते नं रोज?"

मामी आतून हसली. मामाही हसला, पण मला माहीत होतं ते हसणं कसलं. पेव झाडणं मी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. ज्याला सुटायचं असेल त्यानं बाजाराच्या दिवशी, बाजार भरायच्या आधी, चिंचेखाली साऱ्या दलालांसमोर बसायचं. सर्वांत वयस्क माणूस पेवातला एक एक शब्द म्हणतो. सुटणाऱ्यानं प्रत्येकाला 'माहीत नाही' म्हणायचं. सारे संपले की त्याला पाणी पाजतात, पाठीवर थाप मारतात, आणि तो मोकळा. पुढे त्याच्यासमोर कोणी त्या शब्दांत बोलत नाही. पण मधात कुठंही 'माहीत आहे' निघालं, तर झाडणं मोडलं. एक पेव एकदाच झाडतात.

आदल्या दिवशी मामीनं रोडगे जास्तीचे केले, मला आणि बाबांना गाडीत खायला. मी आराजवळ बसलो होतो. ती राख झटकत म्हणाली, "घाबरू नको बाबू. माहीत नाही म्हणणं सोपं असते. या घरात मले तर रोजच म्हणा लागते." तोवर मला कधी सुचलं नव्हतं की इतकी वर्षं त्या चुलीपाशी बसून तिच्या कानावर काय काय पडलं असेल. त्या दिवशी कुसुमनं माझ्या ताटात टाकलेला रोडगा चांगला भाजलेला होता.

सकाळी चिंचेखाली घोंगडी टाकली. दलाल गोल बसले, मामा एका कडेला. बाबांना ऐकू येणार नाही अशा बेतानं पार पलीकडे, येणाऱ्या बैलांच्या घंट्यांच्या गलक्यात, चहाच्या टपरीवर बसवलं होतं, बाजूला माझी पिशवी आणि रोडग्यांचं फडकं. ते माझ्याकडेच पाहत होते. भिवाजीनं डोळे मिटले आणि पहिला शब्द म्हटला.

"माहीत नाही," मी म्हटलं.

दुसरा. माहीत नाही. तिसरा. माहीत नाही. भिवाजी घाई करत नव्हता. प्रत्येक शब्दानंतर थांबे, जसं काही दाणा खाली पडल्याचा आवाज ऐकतो. मी बाबांकडे पाहून मान हलवत होतो. पहिले सोपं गेलं. मग तो शब्द आला जो मला जेवताना लागला होता. मी माहीत नाही म्हटलं, पण बाबांकडे पाहायचं राहून गेलं. पुढचे शब्द तोंडातून ओढून काढावे तसे जात होते. प्रत्येकासोबत मला ती जागा दिसे, जिथं तो मी पकडला होता, कोठ्याचा कोपरा, नदीचा उतार, मामाचा अर्धा मोडलेला घास. दुसरं काय शिकलो होतो मी तोवर?

समोर गुलाब म्हणून एक तरणा दलाल बसला होता. माझ्याआधी तो शिकायला लागला होता आणि माझ्या मागं राहिला होता. तो शेजारच्याला म्हणाला, हळू नाही, साऱ्यांना ऐकू येईल असं, "याले झाडून कायले राह्यले बाप्पा. याच्यात होतंच काय? खरंच माहीत नसन याले."

दोघं तिघं हसले. भिवाजीनं डोळे उघडले नाहीत. त्यानं पुढचा शब्द म्हटला. शब्द साधा होता, नवशिक्यालाही येणारा.

मी जोरानं मान डोलावली आणि म्हटलं, "माहीत आहे."

मी तिथंच थांबलो असतो तर कदाचित भिवाजीनं ऐकलं न ऐकलं केलं असतं, म्हातारा मनानं मोठा होता. पण मी थांबलो नाही. तो शब्द कुठं वापरतात ते सांगितलं, कुठं वापरत नाहीत ते सांगितलं, गुलाबनं मागच्या बाजारात तो कुठं चुकीचा वापरला तेही सांगितलं. मग मागं जाऊन, ज्यांना ज्यांना नाही म्हटलं होतं, ते सारे शब्द ओळीनं घेतले आणि त्यांचा एक एक वापर सांगत गेलो. उभा राहून सांगितलं, जोरानं. मामा खाली मान घालून बसला होता. शेवटी त्यानं डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "बस झालं सुदामा. भरलं पेव."

भिवाजी म्हणाला, "आता कोणी नाही झाडत तुले." तो खूश होता की कष्टी, मला अजून सांगता येत नाही. गुलाब उठून बैलांकडे गेला. बाजार भरायला लागला.

लोक मला कधी कधी विचारतात, तुम्ही बापाचं वावर सोडून इकडं कसे राहिलात? मी सांगतो, राह्यलो. आज तीच वेळ परत आली तर मी काय करीन? गुलाबसमोर तर मी गप्प बसणार नाही. हे मी या वयात, बऱ्याच विचारानं लिहितो.

बाबांना फाट्यावर पोचवायला मी गेलो. पिशवी माझ्या हातात होती आणि रोडगे त्यांच्या काखेत. पायवाटेनं ते माझ्या पुढं चालत होते. मग म्हणाले, "तू येऊन नाही राह्यला नं?"

"नाही बाबा."

"तू अशी अशी मान हलवून राह्यला होता. नाही, नाही, नाही. मले वाटलं, झालं आता. मंग काय इचारलं त्यायनं, की तू हो म्हटलं?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो? जे विचारलं ते सांगता येत नव्हतं. ते सोडून सांगायला गेलो असतो तर काही उरत नव्हतं. गुलाब बोलला आणि दोघं तिघं हसले म्हणून, एवढंच उरत होतं, आणि तेवढ्यासाठी पोरगं हात गळ्यात बांधलेल्या बापाला परत पाठवते हे कोणाला पटेल? मी मीठ घेतलं होतं. मी चालत राहिलो.

बाबा थांबले आणि माझ्याकडे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

"पोरीचं इचारलं असन," ते म्हणाले. "कुसुमचं."

मी पायवाटेवरच्या धुळीकडे पाहत राहिलो.

"अरे मंग असं सांग नं लेका. एवढं लाजा लागते काय बापाले?" त्यांनी चांगल्या हातानं माझ्या खांद्यावर मारलं. "मले वाटलं, आमच्यावर राग धरून राह्यला. मामाची पोरगी, घरचीच गोष्ट आहे. वावराचं होईन कसं तरी, जवायाले बोलावतो दोन पेरण्या. तुह्या आईले सांगतो, ती नाचन."

एसटी आली. त्यांनी फडक्यातले अर्धे रोडगे काढून माझ्या हातात दिले आणि चढले. खिडकीतून त्यांचा हसरा चेहरा दिसत होता. मी गाडीच्या बाजूनं थोडं पळालो, बाबा, बाबा म्हणत. त्यांना वाटलं मी निरोप देतो आहे. त्यांनी हात हलवला.

कुसुमशी माझा संसार वाईट झाला नाही. ती आता कमी ऐकते, मी लिहायला बसलो की दारातून पाहून जाते. त्या दिवशी चिंचेखाली काय झालं ते तिला तिच्या आईकडून कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

त्याच साली होळीच्या आधी आई आली. सोबत बाबा, बहीण, जवाई, नारळ, लुगडं. मामाच्या ओसरीवर सतरंजी टाकली. मामा गोंधळला होता, पण सुखानं गोंधळला होता, त्याच्या मनातलंच कोणी तरी त्याच्या दारात आणून ठेवलं होतं. कुसुम पाटावर येऊन बसली. आईनं कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं, आणि ते बोट तसंच हवेत धरून ती माझ्याकडे वळली. "तुह्या बाबानं सांगितलं म्हणून आलो आम्ही. पण एकदा तुह्या तोंडून ऐकू दे. तूनंच हो म्हटलं नं रे?"

सारे माझ्याकडे पाहून राह्यले होते. बाबा हसत होते. मामी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कुसुमनं मान वर केली नव्हती, पण तिचे हात मांडीवर थांबले होते.

मी हो म्हटलं.